मराठीत 'मला' आहे का 'मी', ते आधी बघा

परभणीकडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा : "सर, माझं डीएड झालंय, सी-लूक-वॉच, हिअर-लिसन, से-टेल-स्पीक-टॉक असे सगळे चार्ट पाठ केलेत, पेपरात रिकाम्या जागा बरोबर भरता येतात, पण चार लोकांसमोर बोलायला उभी राहिले की नेमका चुकीचाच शब्द तोंडातून निघतो. दहा दिवसांनी इंग्लिश मिडीयमच्या शाळेत मुलाखत आणि डेमो लेक्चर आहे. काय करू?"

ताई, आधी ते चार्ट भिंतीवरून काढा. मी बावीस वर्षं झाली लातूरला बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवतोय, आणि या चार्टचा उपयोग झालेला एक पोरगा मला अजून भेटायचाय. त्यात काय लिहिलेलं असतं? सी म्हणजे पाहणे, लूक म्हणजे पाहणे, वॉच म्हणजे पाहणे. तिन्हीपुढं एकच मराठी शब्द लिहिल्यावर फरक काय डोंबल कळणार! पेपरात चार पर्याय समोर असतात म्हणून जमतं. बोलताना पर्याय कोणी देत नाही, बोलताना डोक्यात पहिल्यांदा मराठी वाक्य येतं आणि त्यातला शब्द इंग्रजीत ओढला जातो. शिक्षक लोक सांगतात "मराठीत विचारच करू नका, इंग्रजीत थिंक करा", मला हे कधीच पटलं नाही. जो माणूस घरी, शेतात, एसटीत, सगळीकडं मराठीच बोलतो त्यानं इंग्रजीत विचार करायचा तरी कुठून. माझं म्हणणं उलटं आहे, मराठीतच विचार करा पण नीट करा. कारण यातले बरेचसे फरक मराठीत आधीपासून आहेत, आपलं तिकडं लक्ष नसतं एवढंच.

आता सी-लूक-वॉचच घ्या. 'पाहणे' बाजूला ठेवा आणि 'दिसणे' आठवा. 'मला दिसलं' म्हणजे सी. 'मी बघितलं, त्याच्याकडं बघितलं' म्हणजे लूक ॲट. 'मी बघत बसलो, नजर ठेवून होतो' म्हणजे वॉच. अजिंठ्याला गेलात असं समजा. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला त्या भागात आला आणि त्याला लेणी दिसली. 'त्याला दिसली', म्हणून ही सॉ द केव्हज. तो काही लेणी शोधायला आला नव्हता, नजर पडली. तुम्ही मात्र एक नंबरच्या लेण्यात जाऊन पद्मपाणीच्या चित्रापुढं उभ्या राहता आणि मुद्दाम डोळे तिकडं लावता, तेव्हा यू लूक ॲट द पेंटिंग. आणि तुम्ही मोबाईलचा फ्लॅश तर मारत नाही ना म्हणून दारातला गार्ड तुमच्यावर डोळा ठेवून असतो, ही इज वॉचिंग यू. मराठीत तिन्ही ठिकाणी 'बघणे' चालून जातं पण आतली वाक्यरचना तीन वेगळ्या जागी उभी आहे.

(घरी आल्यावर कोणी विचारलं "अजिंठा बघितला का", तर तिथं परत सीच. एखादं ठिकाण पाहून होणं, त्याला वॉच म्हणत नाहीत. मॅच मात्र वॉच, कारण ती पुढं पुढं सरकत असते. पिक्चरला दोन्ही चालतं, टॉकीजमध्ये बघितला तर सॉ जास्त ऐकू येतं, घरी टीव्हीवर बघितला तर वॉच्ड. यावर डोकं फोडू नका.)

हिअर आणि लिसन तसंच. 'मला ऐकू आलं' हिअर, 'मी ऐकलं' लिसन टू. हे चुकल्यावर नुसतं व्याकरण चुकत नाही, समोरच्याला राग येतो. माझ्या एका विद्यार्थ्याची ऑनलाईन मुलाखत होती, गावाकडं नेटवर्कची कायम बोंब, मधेच आवाज तुटायला लागला तर हा समोरच्या मोठ्या साहेबाला म्हणतो "सर, आर यू लिसनिंग टू मी?" त्याला म्हणायचं होतं आवाज येतोय का. साहेबाला ऐकू गेलं, "लक्ष आहे का माझ्या बोलण्याकडं?" पोरगा हुशार होता, सिलेक्शन झालं नाही, कारण तेच होतं का अजून काही हे मी कसं सांगणार, पण तो किस्सा मी दर बॅचला सांगतो. कॅन यू हिअर मी, एवढंच म्हणायचं होतं. आवाज येतोय का, ऐकू येतंय का, यात साहेबाच्या मर्जीचा प्रश्नच नाही, कानावर पडतंय का नाही एवढाच आहे.

आता इथं जे लपलंय ते सांगतो, आणि या सगळ्या उत्तरात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मराठीत काही क्रिया 'मी' करतो आणि काही 'मला' होतात. मी बघतो पण मला दिसतं. मी ऐकतो पण मला ऐकू येतं. मी वास घेतो पण मला वास येतो. मी विचार करतो पण मला वाटतं. मला माहीत आहे, मला आठवतं, मला समजतं, मला आवडतं, मला पाहिजे, मला लागतं, मला दोन भाऊ आहेत. या 'मला'वाल्या वाक्यात आपण काही करत नसतो, ते आपल्यापर्यंत येतं. आणि गंमत बघा, इंग्रजीत नेमकी हीच क्रियापदं आयएनजी घ्यायला नाही म्हणतात. सी, हिअर, नो, रिमेम्बर, अंडरस्टँड, लाइक, वाँट, नीड, हॅव. पुस्तकात यांना स्टेटिव्ह व्हर्ब्ज म्हणतात आणि चाळीस-पन्नास शब्दांची यादी पाठ करायला लावतात. यादीची गरज नाही. मराठी वाक्य 'मला'नं सुरू होत असेल तर आयएनजी लावायच्या आधी थांबायचं.

आपल्याकडं जे सर्रास ऐकू येतं, आय एम हॅविंग टू ब्रदर्स, आय एम नॉट नोइंग, आय एम वाँटिंग लीव्ह, ते सगळं या एका चाळणीत अडकतं. मला दोन भाऊ आहेत, आय हॅव टू ब्रदर्स. मला माहीत नाही, आय डोन्ट नो. मला सुट्टी पाहिजे, आय वाँट लीव्ह. आणि एकच इंग्रजी शब्द जेव्हा दोन्हीकडं चालतो तेव्हा तर ही चाळणी फारच कामाला येते. आय थिंक इट इज राँग म्हणजे मला वाटतं हे चूक आहे. आय एम थिंकिंग अबाउट इट म्हणजे मी त्यावर विचार करतोय. आय स्मेल गॅस म्हणजे मला गॅसचा वास यायलाय, आय एम स्मेलिंग द मिल्क म्हणजे मी दुधाचा वास घेऊन बघतोय नासलं का. आय हॅव अ बाइक, पण आय एम हॅविंग लंच, कारण जेवण 'मी' करतो. शब्द तोच, पण मराठीत 'मला' (किंवा 'माझ्याकडं') आणि 'मी' अशी अदलाबदल झाली की इंग्रजीत साधा काळ आणि आयएनजी अशी अदलाबदल होते.

आता लगेच कोणीतरी म्हणणार, सर 'मला दिसतंय, मला ऐकू येतंय' यात मराठीत तर चालू काळ आहे. आहे ना. तिथं इंग्रज माणूस कॅन वापरतो. आय कॅन सी द बस, मला बस दिसतेय. आय कॅन हिअर यू, तुझा आवाज येतोय. दुसरी शंका पोरं हमखास काढतात की मग ते बर्गरवाले आय एम लव्हिंग इट काऊन म्हणतात. जाहिरात आहे ती, मोडलेला नियम कानाला खटकतो, आणि खटकलं म्हणूनच तुमच्या लक्षात राहिलं. आणि चाळणीला दोन-चार भोकं आहेत हेही सांगून ठेवतो. मला बरं वाटत नाहीये हे आय एम नॉट फीलिंग वेल असं बिनधास्त होतं. मला भूक लागली यात इंग्रजीला क्रियापदच लागत नाही, आय एम हंग्री. पण दहातली आठ वाक्यं तरी यात बरोबर पडतात, आणि मुलाखतीपुरतं एवढं खूप झालं.

आता से आणि टेल. इथं मराठी मदत पण करते आणि गोत्यात पण आणते. म्हणणे म्हणजे से, सांगणे म्हणजे टेल, बोलणे म्हणजे स्पीक किंवा टॉक, इतपत सरळ आहे. घोटाळा असा की आपण 'तो मला म्हणला' असं म्हणतो, आमच्या भागात तर 'त्यो मला मनला', आणि त्या 'मला'मुळं थेट ही सेड मी तयार होतं. इंग्रजीत सेला माणूस चिकटत नाही, मधे टू लागतो. टेलला माणूस लगेच लागतो, टू चालत नाही. ही सेड टू मी, ही टोल्ड मी. टेलपुढं माणूस नसेल तर वाक्य लंगडं होतं, ही टोल्ड दॅट ही वॉज इल असं नाही, ही टोल्ड मी किंवा टोल्ड द टीचर दॅट. टेल अ लाय, टेल द ट्रूथ, टेल अ स्टोरी ही ठरलेली जोडकामं आहेत, त्यात माणूस नसला तरी चालतो. स्पीक आणि टॉकमधला फरक तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. भाषा असेल तर स्पीकच, आय स्पीक मराठी, तिथं टॉक नाही. स्टेजवरून, फोनवर, साहेबाशी असेल तर स्पीक. ओट्यावर बसून असेल तर टॉक.

आता थोडं मराठवाड्याचं स्वतःचं. आपल्याकडं सगळंच 'भेटतं'. जागा भेटली, मार्कशीट भेटली, पगार भेटला, हरवलेली चप्पल पण भेटली. पुण्याची मंडळी यावर हसतात. मी हसत नाही, आमच्या मायची भाषा आहे ती, आणि चूक तर अजिबात नाही. पण इंग्रजी बोलताना हे भेटणं फोडून घ्यावं लागतं, नाहीतर आय मेट माय मार्कशीट होतं आणि माझ्या वर्गात ते खरंच झालेलं आहे. माणूस भेटला तर मीट. मिळालं, हातात आलं, तर गेट. शोधत होतो आणि सापडलं, किंवा अचानक नजरेस पडलं, तर फाइंड. आय मेट माय टीचर, आय गॉट माय मार्कशीट, आय फाउंड माय चप्पल. तोंडात 'भेटलं' आलं की एक सेकंद थांबून स्वतःला विचारायचं, मिळालं का सापडलं?

तसाच 'काढणे' हा एक दांडगा शब्द आहे. आपण फोटो काढतो, चित्र काढतो, बूट काढतो, बँकेतून पैसे काढतो, सोयाबीन काढतो, आणि वर्गात उगं दात काढतो. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं : टेक अ फोटो, ड्रॉ अ पिक्चर, टेक ऑफ युअर शूज, विथड्रॉ मनी, हार्वेस्ट सोयाबीन. पोरं सगळीकडं रिमूव्ह घुसडतात. रिमूव्ह माय फोटो म्हणलात तर समोरचा आहे तो फोटो डिलीट करेल. आणि दात काढणं हे डेंटिस्टनं केलं तर एक्स्ट्रॅक्ट, तुम्ही केलं तर गिगल.

कपड्यांचं सांगायचं राहिलं. वेअर आणि पुट ऑन. इथं मराठी इतकी स्वच्छ आहे की चुकायचं कारणच नाही. 'ती साडी नेसतेय' म्हणजे अजून निऱ्या चालल्यात, शी इज पुटिंग ऑन अ सारी, दार वाजवू नका. 'ती साडी नेसलीये' म्हणजे तयार आहे, शी इज वेअरिंग अ सारी. आपण फसतो ते आयएनजी बघून. इज वेअरिंग दिसलं की 'घालतेय' असं भाषांतर करतो, आणि ते 'घातलंय' असतं.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग. राइज-रेझ, लाय-ले, यावर स्पर्धा परीक्षेत हमखास प्रश्न असतो आणि पोरं घोकून घोकून विसरतात. पण मराठी माणसाला हे घोकायची गरज का पडावी? आपल्याकडं पडणे-पाडणे आहे, तुटणे-तोडणे आहे, फुटणे-फोडणे, वाढणे-वाढवणे, बसणे-बसवणे, पिणे-पाजणे आहे. एक आपोआप होतं, दुसरं कोणीतरी करतं. तीन वर्षांचं लेकरूसुद्धा 'ग्लास फुटला' म्हणतं, 'मी फोडला' म्हणत नाही, त्याला बरोबर कळतं कुठला शब्द वापरल्यावर मार बसणार नाही. इंग्रजीत अशा जोड्या पूर्वी पुष्कळ होत्या, आता थोड्या उरल्यात, त्या जुन्या घराच्या पडक्या भिंतीसारख्या मधेच दिसतात. राइज म्हणजे वाढणे, रेझ म्हणजे वाढवणे. मोंढ्यात सोयाबीनचा भाव वाढला, द प्राइस रोज. सरकारनं हमीभाव वाढवला, द गव्हर्न्मेंट रेझ्ड द एमएसपी. सिट बसणे, सेट बसवणे किंवा ठेवणे. फॉल पडणे, फेल (नापासवालं फेल नाही) पाडणे, टु फेल अ ट्री म्हणजे झाड पाडणे. आणि ड्रिंक म्हणजे पिणे, तर ड्रेंच म्हणजे मुळात पाजणे. आज ड्रेंच्ड म्हणजे चिंब भिजलेला, पण जनावरांच्या डॉक्टरांच्या इंग्रजीत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे, बैलाच्या तोंडात बांबूच्या नळीनं औषध ओततात ना, त्याला ड्रेंचिंगच म्हणतात. मला हे कळलं त्या दिवशी मी दिवसभर खुशीत होतो, घरात कोणाला काहीच फरक पडला नाही ही गोष्ट वेगळी.

लाय आणि ले पण याच घराण्यातले. लाय आडवं पडणे, ले आडवं ठेवणे, घालणे, अंथरणे. कोंबडी अंडी घालते म्हणून शी लेज एग्ज. मी पलंगावर पडतो म्हणून आय लाय डाऊन. सगळा घोळ भूतकाळात आहे, कारण लायचा भूतकाळ दिसायला लेच असतो. लाय-ले-लेन, ले-लेड-लेड, आणि खोटं बोलणारा लाय वेगळा, लाय-लाइड-लाइड. हे मात्र पाठच करावं लागतं, याला मराठीचं औषध नाही. तुम्हाला सांत्वन म्हणून सांगतो, जन्मानं इंग्रजी बोलणारे सुद्धा यात भरपूर चुकतात.

होप, विश, एक्स्पेक्ट. तिन्हीला आपण 'आशा, इच्छा, अपेक्षा' म्हणून मोकळे होतो, पण जूनमधल्या पावसाशी जोडा म्हणजे जन्मात विसरणार नाही. हवामान खातं सांगतं पाऊस येणार, त्यांच्याकडं काहीतरी हिशोब असतो, दे एक्स्पेक्ट रेन. शेतकरी पेरणी करून आभाळाकडं बघतो, हिशोब नसतो पण मन म्हणतं येईल, ही होप्स इट विल रेन. आणि दिवाळीत पिकाचा उतारा बघून म्हणतो, ऑगस्टमध्ये एक पाऊस पडला असता तर, ही विशेज इट हॅड रेन्ड. विश आलं की गोष्ट हातातून गेलेली असते नाहीतर खरी नसते, म्हणून त्याच्यापुढचं क्रियापद काळात एक पायरी मागं जातं. मराठीत 'असता तर' आलं की विश. म्हणून मैत्रिणीला 'तू पास होशील अशी आशा' लिहायचं असेल तर आय होप यू पास. आय विश यू पास असं होत नाही. आय विश यू सक्सेस चालतं, पण ते शुभेच्छावालं विश, त्याच्यापुढं नाम येतं. आणि पुरुष मंडळींना एक सूचना, निकालाची वाट बघायलो म्हणून नुसतं आय एम एक्स्पेक्टिंग लिहून ठेवू नका, त्याचा अर्थ दिवस गेलेत असा होतो. वाट बघणं म्हणजे वेट फॉर.

बाकीच्या जोड्या भराभरा. चोरणे-लुटणे मराठीत आहे तसंच इंग्रजीत : वस्तू चोरतात, स्टील. माणूस नाहीतर बँक लुटतात, रॉब. स्टँडवर मोबाईल गेला तर माय मोबाईल वॉज स्टोलन, आय वॉज स्टोलन नाही, तसं म्हणलं तर तुम्हालाच कोणी उचलून नेलं असं होतं. बॉरो उसनं घेणे, लेंड उसनं देणे, बॉरोपुढं फ्रॉम आणि लेंडपुढं टू. पण किरायाला मात्र इंग्रजी आपल्यासारखीच वागते, घर किरायानं घेतलं तरी रेंट, दिलं तरी रेंट. रिमेम्बर म्हणजे मला आठवलं, रिमाइंड म्हणजे दुसऱ्यानं आठवण करून दिली. डू आणि मेकचे नियम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, डू होमवर्क, मेक अ मिस्टेक, डू अ फेवर, मेक अ डिसिजन, हे जोडीनंच पाठ करायचं, नवरा-बायकोची नावं पाठ करतो तसं. स्टडी आणि लर्न : पोरगा लातूरला बारावीला शिकायलाय, ही इज स्टडिंग. लर्न म्हणजे आलं, डोक्यात शिरलं. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी आमच्यासारख्यांना पाचवीपासून होतं, आणि दोन्ही पिढ्यांची कहाणी या एका वाक्यात बसते : वुई स्टडीड इंग्लिश बट वुई डिडन्ट लर्न इट.

एक जागा अशी आहे जिथं मराठीवर भरवसा ठेवायचा नाही, ती म्हणजे शब्दाच्या शेपटीला चिकटलेला प्रत्यय. 'नांदेडला पोहोचलो' मधला 'ला' आय रीच्ड टू नांदेड करतो. 'त्याच्याशी लग्न केलं' मधला 'शी' मॅरीड विथ हिम करतो. 'त्याबद्दल चर्चा केली' मधला 'बद्दल' डिस्कस्ड अबाउट करतो. रीच, मॅरी, डिस्कस, तिघांनाही मधे काहीच लागत नाही. अराइव्ह घेतलं तर मात्र ॲट किंवा इन लागतं, अराइव्ह्ड इन नांदेड, अराइव्ह्ड ॲट द स्टेशन. म्हणून क्रियापद कधी एकटं पाठ करायचं नाही, त्याच्यापुढं काय येतं ते धरून करायचं. ए. एस. हॉर्नबी नावाचा एक इंग्रज शिक्षक जपानात इंग्रजी शिकवायला गेला होता, तिथल्या पोरांना शब्दाचा अर्थ माहीत असून वाक्य करता येत नाही हे त्यानं बघितलं, आणि १९४२ मध्ये टोकियोत जी डिक्शनरी निघाली तिच्यात त्यानं प्रत्येक क्रियापदापुढं काय येतं याचे साचे दिले. आज आपण जिला लर्नर्स डिक्शनरी म्हणतो तिचं मूळ त्यात आहे. इंग्रजी-मराठी डिक्शनरी अर्थापुरती ठेवा, पण हा साचा बघायला लर्नर्स डिक्शनरीच उघडा, मोबाईलवर फुकट आहेत.

आणि कम-गो बद्दल माझीच फजिती सांगतो. २००१ साली पुण्यात एका कॉलेजात मुलाखतीला गेलो होतो. मुलाखत बरी झाली, उठलो, आणि आपल्या संस्कारानुसार 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं, म्हणून हात जोडून म्हणलो "थँक यू सर, आय एम कमिंग." तिघंही माझ्याकडं बघत राहिले. एकानं विचारलं "कमिंग व्हेअर?" मी परत म्हणलो "होम, सर." काय करतात बिचारे, हसू दाबून बसले. इंग्रजीत कम हे बोलणाऱ्याकडं किंवा ऐकणाऱ्याकडं येणं असतं. फोनवर आईला 'मी येतोय' म्हणताना आय एम कमिंग बरोबर, कारण आई जिथं आहे तिकडं चाललोय. खोलीतून बाहेर पडताना नाही. ब्रिंग आणि टेकचं पण तेच, आणणे आणि नेणे, यात मराठी शंभर टक्के बरोबर आहे, तिच्या मागं डोळे मिटून जा.

आता तुमचे दहा दिवस. सगळं करायला जाऊ नका, काहीच होणार नाही. एक वही घ्या, रोज रात्री दिवसभरात घडलेली पाच वाक्यं मराठीत लिहा, तुमच्या घरात बोलता तशीच, पुस्तकी नको. मग त्यात 'मला' कुठं आहे आणि 'मी' कुठं आहे त्याच्याखाली रेघ मारा, 'भेटलं', 'काढलं' असलं काही असेल तर ते फोडून घ्या, आणि मगच इंग्रजी करा. सकाळी तीच पाच वाक्यं मोबाईलवर मोठ्यानं बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिले दोन दिवस स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, वाटू द्या. डेमोमध्ये वर्गावर जी वाक्यं शंभर टक्के लागणार ती वेगळी काढून पक्की करा : लूक ॲट द बोर्ड, लिसन टू मी, कॅन यू हिअर मी ॲट द बॅक, टेल मी द आन्सर, से इट अगेन, स्विच ऑन द फॅन (ओपन द फॅन म्हणू नका, फॅन उघडायला इलेक्ट्रिशियन लागतो), टेक आउट युअर नोटबुक्स. बहुतेक डेमो दहा-पंधरा मिनिटांचा असतो, त्यात यापेक्षा जास्त क्रियापदं लागतच नाहीत.

मुलाखतीत मधेच चुकलात तर आय मीन म्हणून दुरुस्त करा आणि पुढं चला, सॉरी सॉरी करत बसू नका. आणि निघताना नुसतं थँक यू म्हणा.